उजव्या हाताचा ठेका : प्रकल्प नोंदी

रविवार, २ फेब्रुवारी

आज नक्की झालं. २१ जूनला, संगीताच्या सणाच्या दिवशी, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाऊण तास वाजवायचं. १९८२पासून दरवर्षी या दिवशी फ्रान्सभर लोक रस्त्यावर उतरून फुकट गातात, वाजवतात. कुणाच्या आमंत्रणाची वाट बघावी लागत नाही. आमच्या हाताशी साडेचार महिने आहेत आणि दर आठवड्याला एक तालीम.

वाद्यं : एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बेस. ड्रम नाहीत, पियानो नाही, फुंकायचं एकही वाद्य नाही, स्पीकरही नाही. ही मांडणी याच शहरात, पॅरिसमध्ये, १९३४ साली जन्मली. शाँज़ेलिज़ेवरच्या क्लॅरिज हॉटेलात संध्याकाळच्या चहाला नाच चालायचा. तिथे लुई व्होलाच्या वाद्यवृंदात जँगो राइनहार्ट गिटारवर आणि स्तेफान ग्रापेली व्हायोलिनवर होते. मधल्या सुट्टीत पडद्यामागे हे दोघं आपापल्या मनासारखं वाजवत बसत, मग त्यात जँगोचा भाऊ जोसेफ, रोजे शापू आणि डबल बेस घेऊन खुद्द व्होला सामील झाले. २ डिसेंबर १९३४ला एकोल नॉर्माल द म्युझिक या संगीतशाळेत ही पाच माणसं लोकांसमोर बसली. जॅझ म्हणजे ट्रम्पेट आणि ड्रम अशी समजूत असताना हे पाचही जण तारांवर होते.

आम्ही पाच : व्हायोलिनवर मादाम, निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. बेसवर एक बसचालक. मुख्य गिटारवर चोवीस वर्षांचा मुलगा, पूर्व फ्रान्समधल्या आल्सासच्या मनूश, म्हणजे तिथल्या रोमा लोकांपैकी, घरातला. ठेक्याच्या दोन गिटारपैकी एक सुतारकाम करणाऱ्या मित्राची, दुसरी माझी. मी पुण्यात आठ वर्षं तबला शिकले, गिटार इथे आल्यावर हातात घेतली.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली तालीम, मादामच्या दिवाणखान्यात. एकच धून घेतली, १९३७ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘मायनर स्विंग’. नवशिके इथूनच सुरुवात करतात, कारण सोळा बारचं आवर्तन आहे (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट), मुख्य कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरगट, तीन, आणि फिरून फिरून तेच. तीनताल अंगात मुरलेल्या बाईला हे काय जड जाणार, असं मी घरून धरूनच निघाले होते.

दोन आवर्तनांत मुलानं हात वर करून थांबवलं. म्हणाला, “तू दर वेळी दार आपटून घरात येतेस.”

त्याला काय म्हणायचं होतं ते लगेच कळलं. माझा हात पहिल्या मात्रेवर जड पडत होता. आमचे सर सांगायचे, सम म्हणजे घर, कितीही भटका, घरी वेळेवर या. आठ वर्षं तेच हाडात भिनलं. या संगीतात घर तिथेच आहे, पण वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या आणि तिसऱ्याला फक्त खालच्या दोन-तीन तारांना स्पर्श, दुसऱ्या-चौथ्याला सगळ्या तारांवरून झटका, आणि झटका बसताक्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडून आवाज तोडायचा. ठुप-चक, ठुप-चक. याला इथे ‘ला पॉम्प’ म्हणतात, म्हणजे पंप. ड्रम नसताना ड्रमचं सगळं काम या एका हालचालीवर येतं. खालची तार म्हणजे मोठा ड्रम, वरचा झटका म्हणजे छोटा, आणि तोडलेला आवाज म्हणजे झांज मिटणं.

दीड तासात मला हे सलग चार आवर्तनं जमलं नाही. हातातून ‘धा’ जातच नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, मिनिटाला ९० टिकांवर लावला, पण त्याची टिक दुसरी आणि चौथी मात्रा समजायची. म्हणजे प्रत्यक्ष लय १८०. पहिली मात्रा आपण मनात धरायची, यंत्र ती सांगणार नाही. दहा मिनिटांत टिक उलटी ऐकू येऊ लागते आणि नकळत पुन्हा समेवर येऊन बसते. मग थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा सुरू. आज सर्वांत लांब टिकले ते तीन मिनिटं.

रविवार, २३ फेब्रुवारी

तालमीला सुट्टी. ला विलेतच्या संगीत संग्रहालयात जाऊन काचेमागची सेल्मर क्रमांक ५०३ बघून आले. जँगोची गिटार, १९४० सालची. त्याच्या पत्नीनं, नागीननं, १९६४ साली ती दिली. मी समोर बराच वेळ उभी होते. 

सेल्मर ही पॅरिसची सॅक्सोफोन-क्लॅरिनेटची कंपनी. तिच्यासाठी मारिओ माकाफेरी या इटालियन गिटारवादक-कारागिरानं १९३२मध्ये हा साचा बसवला. आधी इंग्रजी डी अक्षरासारखं मोठं छिद्र होतं, पुढे लहानसं लांबट गोल झालं. १९५२मध्ये काम थांबलं तोवर सुमारे हजारच गिटार तयार झाल्या होत्या. त्या काळी नाचाच्या दालनात गिटार ऐकूच येत नसे, म्हणून ही मुद्दाम कडक, टणत्कारी आवाजाची केली. आवाज लांबत नाही, पटकन उठतो आणि पटकन विरतो. सतारीची सवय असलेल्या कानाला पहिल्यांदा कोरडं वाटतं. ठेक्याला मात्र हाच कोरडेपणा हवा असतो.

माझी गिटार त्याच साच्याची साधी नक्कल, जुनी घेतलेली. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, उंच आहे. ती उतरवून घ्यावी असं वाटत होतं, मुलानं नको म्हटलं. तारा फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना, टेकल्या तर खरखर येईल आणि आवाज बसेल. नव्या तारा लावल्या, पोलादी तारेवर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं गुंडाळलेल्या. पहिली तार दहाची, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाइतकी बारीक. नखी मात्र जाड, दीड मिलिमीटरपेक्षा जास्त. पातळ नखीनं झटक्याआधी टकटक ऐकू येते.

रविवार, २ मार्च

नऊ धुनांची यादी झाली. दोन मादामच्या आवडीच्या संथ, एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांची नाचाची धून, बाकी मध्य आणि द्रुत. जँगोची ‘न्युआज’ घ्यायची की नाही यावर वाद झाला. मी नको म्हटलं, कारण ती संथ आहे आणि संथ लयीत ठेका उघडा पडतो. मत चार विरुद्ध एक. घेतली.

रविवार, १६ मार्च

आजची नोंद मोठी होणार, कारण आजची तालीम जवळजवळ सगळी खुर्च्या हलवण्यात गेली आणि ती आतापर्यंतची सर्वांत उपयोगाची तालीम.

फोन शेकोटीच्या फळीवर ठेवून पूर्ण धून टिपली आणि ऐकली. ठेक्याच्या दोन गिटारांशिवाय काही नाही. मादामचं व्हायोलिन शेजारच्या घरातून आल्यासारखं, बेस जणू आलाच नव्हता. मुलाच्या गिटारचे एकेरी स्वर आमच्या दोघांच्या झटक्यांखाली गाडले गेले होते. वाजवताना हे कुणालाच जाणवलं नव्हतं. प्रत्येकाला स्वतःचं वाद्य ऐकू येत होतं आणि तेवढ्यावर सगळे खूश.

तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येकाला वेगळा मायक्रोफोन नसे आणि मागाहून कुणाचा आवाज वर-खाली करता येत नसे. जो काही तोल, तो माणसं कुठे बसतात आणि किती जोरात वाजवतात यावर. आम्हीही तेच करून पाहायचं ठरवलं. बेस खोलीच्या कोपऱ्यात नेला, दोन भिंती मिळतात तिथे खर्ज भरतो. लगेच फरक पडला, त्यानं स्वतःच चमकून वर बघितलं. मादाम पुढे उभ्या, व्हायोलिनच्या फटी फोनकडे वळलेल्या. मुलाची खुर्ची त्यांच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे. आम्ही दोघं मागे, गिटारची तोंडं एकमेकांकडे, ऐकणाऱ्याकडे नाही.

दुसऱ्यांदा टिपलं. बरं होतं, पण मुलाची पाळी आली की तो पुन्हा बुडत होता. व्हायोलिन गजानं ओढत स्वर लांबवता येतो, गिटारचा स्वर छेडल्यावर लगेच खाली येतो. त्याला जागा आम्हीच द्यायला हवी. इथे गंमत अशी की, जँगोची जुनी तक्रार नेमकी उलटी होती : स्तेफान वाजवतो तेव्हा मागे दोन गिटार असतात, माझ्या वेळी एकच उरते. त्यावरून दुसरी ठेक्याची गिटार आली, असं सांगतात. आम्ही वाटणी करून पाहिली. मुलाच्या पाळीला सुतार मित्र फक्त खालच्या तारा धरेल, मी फक्त वरच्या, आणि दोघंही निम्म्या जोरानं. मादामची पाळी आली की दोघंही पूर्ण. पाचव्या वेळी टिपलेलं ऐकताना कुणी बोललं नाही. ठेका दिसत नव्हता, पण मुलाचे स्वर त्याच्यावर उभे होते. तबल्याची साथ करताना गवय्याचा आलाप संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसावं लागतं, ते आठवलं. तिथे न वाजवण्याला वेळ ठरलेली असते. इथे वाजवता वाजवता न वाजवल्यासारखं राहायचं.

जाताना मादामनी विचारलं, तुमच्याकडे जॅझ कधी आलं? मी सांगितलं, १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद घेऊन आला, आणि तो स्वतः व्हायोलिनवादक होता. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथनं ट्रम्पेट घेऊन तिथली सूत्रं हातात घेतली. दोघंही आधी पॅरिसमध्ये वाजवून गेलेले. पुढे मुंबईच्या जॅझमध्ये गोव्याची माणसं भरली, ज्यांनी चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेलं होतं. क्लॅरिजच्या पडद्यामागे हे पाच जण जमले त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत हे चाललेलं. मादाम दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या, त्यांची कॉफी गार झाली.

रविवार, ३० मार्च

रात्री घड्याळं तासभर पुढे गेली. बसवाला तासभर उशिरा आला. बेसशिवाय वाजवून पाहिलं, चार गिटार-व्हायोलिन हवेत लोंबकळल्यासारखे. लय १९६वरून २१०पर्यंत पळाली. पळवली मी.

शनिवार, १९ एप्रिल

ईस्टरच्या सुट्टीत मुलाचे मामा आल्सासहून आले होते. आम्ही सगळे पॅरिसला लागून असलेल्या सँतूआँच्या जुन्या बाजारात भेटलो. पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच पसारा, फक्त लोखंडाऐवजी आरसे आणि झुंबरं. याच सँतूआँमध्ये १९२८च्या शरदात जँगोची राहायची गाडी पेटली. आत बायकोनं विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं होती. तो अठरा वर्षांचा होता. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली. पुढे सगळे द्रुत स्वर तो दोनच बोटांनी काढत असे, आखडलेली बोटं कॉर्डसाठी जेमतेम टेकवायचा. आम्ही ज्या कॉर्ड धरतो, तीन-चार स्वरांच्या, अंगठा वरून वळवलेल्या, त्यांचा घाट त्या हाताला धरून घडला.

एका कॅफेत मागच्या बाजूला बसलो. मामा सत्तरीचे, स्वरलेखन वाचत नाहीत, कधी वाचायची गरज पडली नाही. वडिलांसमोर बसून शिकले, भाचा त्यांच्यासमोर बसून शिकला. घराण्यात जशी तालीम होते तशीच. मला वाजवायला सांगितलं. आठ बार ऐकून त्यांनी माझं मनगट धरलं. कोपर हलवू नकोस असं खुणेनं दाखवलं, मग स्वतःचा हात हवेत झटकला, ओल्या हाताचे थेंब उडवावेत तसा, आणि म्हणाले, “पानी.”

मी गिटार खाली ठेवली. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, पानी, पानी. मी म्हटलं, आमच्याकडेही पाणीच म्हणतात. मग टेबलावर शब्दांची देवघेव सुरू झाली. नाकाला त्यांच्याकडे नाख, कानाला कान, केसांना बाल. आकडे त्यांनी बोटांवर मोजले : येक, दुई, त्रिन, श्तार, पांच. रोमानी भाषा आपल्याच भाषाकुळातली, तिच्या बोलणाऱ्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले, हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि समोरच्या माणसानं आपला हात धरून म्हटलेलं यात फार अंतर आहे.

त्यांनी युद्धाच्या काळातलंही सांगितलं. फ्रान्समध्ये त्यांच्या लोकांना छावण्यांत कोंडलं होतं, माँत्रय-बेलेची सर्वांत मोठी, १९४१ ते १९४५. आजोळच्या माणसांबद्दल ते जे बोलले ते त्यांचं आहे, इथे लिहीत नाही.

मग वाजवलं. सुरुवात मोजून दिली मामांनी. “येक, दुई, त्रिन, श्तार.” त्यांचा जोर दुईवर आणि श्तारवर होता. दहा आठवडे मेट्रोनोमनं जे केलं नाही ते त्या चार शब्दांनी झालं. माझा हात पहिल्यांदा दार न आपटता आत आला.

रविवार, ४ मे

ज्या कॅफेच्या दारात बसायचं ठरलं होतं, त्यांनी कळवलं की स्पीकर लावून मोठ्यानं वाजवणारा गट मिळाला, तुम्ही नको. मादाम फार दुखावल्या. मलाही राग आला, कारण शब्द दिला होता. नवी जागा शोधली : पुस्तकाच्या बंद दुकानासमोरचा कोनाडा, वर छज्जा, मागे दगडी भिंत. टाळी वाजवून पाहिली. भिंत आवाज परत देते. ही जागा कॅफेपेक्षा चांगली आहे.

रात्री आईला फोनवर टिपलेलं ऐकवलं. ती म्हणाली, “छान आहे गं, पण तबला कुठाय?” मी म्हटलं, नाहीच. ती थोडं थांबली, पुन्हा लाव म्हणाली. मग म्हणाली, “अगंबाई, तूच आहेस की ती.”

शुक्रवार, १६ मे

जँगोला जाऊन आज बहात्तर वर्षं झाली. एक दिवसाची रजा काढून गार द लियाँ स्टेशनहून गाडीनं फाँतेनब्लो-ॲव्हॉनला उतरले आणि सामवापर्यंत चालत गेले. १९५१पासून तो या गावात राहत होता, सीन नदीकाठी मासे धरायचा, चित्रं काढायचा. १९५३च्या १६ मेला, शनिवारी, पॅरिसमध्ये वाजवून परतताना ॲव्हॉन स्टेशनवरून तो घरी चालत आला आणि दाराशीच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. वय ४३. 

रस्ता जंगलाच्या कडेनं जातो. मी पावलांवर मोजत चालले, डाव्या पावलाला हलकं, उजव्याला जड. स्मशानात त्याच्या थडग्यावर ताजी फुलं होती, कडेला कुणीतरी ठेवलेली नखी. मीही माझी एक ठेवली, तीच जाड.

नदीकाठी बसून ‘न्युआज’चा ठेका गुणगुणला. ती धून १९४०ची. युद्ध सुरू झालं तेव्हा हे सगळे लंडनमध्ये होते, ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला, आणि व्हायोलिनच्या जागी युबेर रोस्तँचं क्लॅरिनेट आलं. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात लोकांनी ही धून उचलून धरली. माझं मत बदललं. ही धून यादीत हवीच, आणि हळूच हवी.

रविवार, १ जून

वॉल्ट्झ अजून बसत नाही. तीन मात्रांत मी पुन्हा दादऱ्यासारखी झुलते. ‘न्युआज’ मात्र ९६वर स्थिर. संथ लयीत झटका तसाच तोडला तर शिवण उसवल्यासारखी वाटते, म्हणून दुसऱ्या-चौथ्याचा आवाज किंचित लांबू द्यायचा. किती, ते मादामच्या गजाकडे बघून.

रविवार, १५ जून

कोनाड्यात रंगीत तालीम. रस्त्यावर खोलीचा कोपरा नाही, पण बेस दगडी भिंतीला टेकवल्यावर भरला. एक आजी खिडकीतून म्हणाल्या, जरा मोठ्यानं. आम्ही मोठ्यानं वाजवलं नाही, त्याच खाली उतरून आल्या.

शनिवार, २१ जून

ऊन भयंकर. तापून तारा दर दोन धुनांनी उतरत होत्या, मादामनी व्हायोलिनवर ओला नव्हे, कोरडा रुमाल टाकून ठेवला होता. सात वाजता सुरू केलं. समोर आठ-दहा माणसं, चौथ्या धुनेपर्यंत पदपथ भरला. पलीकडच्या चौकात कुणाचे मोठे स्पीकर लागले होते, त्यांचा धमधमाट येत होता. आमच्याजवळचे लोक ऐकू यावं म्हणून पुढे सरकले, इतके की पहिल्या रांगेतली मुलं बेसच्या पायाशी बसली.

तिसऱ्या धुनेत सुतार मित्राची तार तुटली. तो थांबला, मी एकटी उरले. अडीच मिनिटं. हात घाबरून समेवर जाऊन बसेल असं वाटलं. मनात मोजलं, मामांच्या आकड्यांत. मुलानं माझ्याकडे न बघता आणखी एक आवर्तन घेतलं, म्हणजे ठेका टिकला होता.

‘न्युआज’ला रस्ता शांत झाला. पलीकडचे स्पीकर चालूच होते, तरीही. एका जोडप्यानं गाडीच्या बोनेटला हात टेकून नाचायला सुरुवात केली, मग सरळ रस्त्यात आले. लोकांनी टाळ्या धरल्या त्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. बसवाल्यानं बेसवरचा हात किंचित मागे खेचून दुसरी मात्रा दाखवली, आणि चार बारांत सगळ्या टाळ्या सरकल्या. हे मी कधी विसरणार नाही.

वॉल्ट्झ गाळली.

रविवार, २२ जून

उजव्या अंगठ्याच्या कडेची कातडी गेली आहे. पाच जणांच्या मिळून नऊ तारा बदलायच्या. बेसची घोडी उन्हात एका अंगाला कलली, ती कारागिराकडे न्यायची, तोवर ताण सैल ठेवायला सांगितलं आहे. फोनवर टिपलेलं अजून ऐकलं नाही, पाचही जण एकत्र ऐकायचं ठरलंय.

मुलानं मामांना एक तुकडा पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, माझ्यासाठी एकच वाक्य : मनगट बरं, कोपर अजून हलतंय.

पुढची तालीम ६ जुलै, चार वाजता, मादामकडे. फक्त वॉल्ट्झ. येक, दुई, त्रिन.